फोटो राहिले, नावे गेली

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात जुने कौटुंबिक फोटो संगणकावर कसे जतन करावेत, याविषयी एक उपयुक्त लेख प्रसिद्ध झाला. फोटो स्कॅन करताना घ्यायची काळजी त्यात चांगली सांगितली होती. मात्र फोटोंची मांडणी करण्यासाठी आणि त्यांना नावे देण्यासाठी हवी तेवढी सॉफ्टवेअर मोफत मिळतात, त्यावर पैसे घालवू नयेत, असा सल्ला एका वाक्यात देऊन लेख संपला. हाच सल्ला मी बारा वर्षांपूर्वी मानला होता. त्यात आमच्या घराचे जे गेले ते आता मिळणारे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, याबद्दल क्षमस्व.

माझ्या सासरचा वाडा नागपुरात महाल या जुन्या वस्तीत होता. तो पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून सात आल्बम निघाले. जाड काळ्या कागदाची पाने, दोन पानांमध्ये पातळ पांढरा कागद आणि फोटो कोपऱ्यांत न अडकवता सरळ डिंकाने चिकटवलेले. सोडवायला गेले की फोटो फाटत, त्यामुळे मागच्या बाजूला कोणी काही लिहिले असेल तर ते वाचण्याची सोय नव्हती. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. स्कॅनर विकत घेतला आणि एका ओळखीच्या मुलाने सुचवलेले एक मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घालून घेतले. ते फारसे प्रसिद्ध नव्हते आणि त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. दिवेलागणीनंतर त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत. पडद्यावर फोटो उघडला की सॉफ्टवेअर प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकट काढून त्याखाली नाव विचारत असे. “हा तं मी या घरात येण्याच्या आधीचा आहे,” असे म्हणून त्या क्षणभर थांबत आणि मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नावे सांगत जात: ही काटोलची आत्या, हा तिचा दीर, हे शेजारच्या वाड्यातले मास्तर. त्या सांगत आणि मी टंकत असे. दोन हिवाळे आम्ही हेच केले. जवळपास चौदाशे फोटो झाले आणि बहुतेक सर्व चेहऱ्यांना नावे लागली.

त्यांतला एक फोटो तान्ह्या पोळ्याचा होता. वाड्याच्या पायऱ्यांवर आणि पायऱ्यांपुढे मिळून अकरा मुले उभी आहेत. दहा जणांपुढे लाकडी बैल आहेत. एका मुलाचा बैल इतका मोठा की मुलाचे फक्त डोके दिसते, आणि एका बैलाच्या शिंगाला बांधलेला फुगा हलल्यामुळे फोटोत पुसट उमटला आहे. अगदी डाव्या टोकाला एक मुलगी आहे. तिच्यापुढे बैल नाही. शेजारच्या मुलाच्या बैलाची दोरी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे. सासूबाईंनी अकराही मुलांची नावे न अडखळता सांगितली. त्यांच्यातले दोघे पुढे देवीच्या साथीत गेले, हेही सांगितले. ते सर्व मी फोटोखाली दिलेल्या रकान्यात लिहून ठेवले.

सासूबाई २०१७ मध्ये गेल्या. पुढे दोन वर्षांनी संगणक फार मंद चालू लागला, म्हणून तो सीताबर्डीवरच्या एका दुकानात दिला. फोटो तेवढे सांभाळा, बाकी फॉरमॅट मारा, असे मीच सांगितले होते. दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे डी ड्राइव्हवरचे सर्व फोटो काढून ठेवले आणि परत घातले. एकही फोटो हरवला नाही. पण सॉफ्टवेअर पुन्हा घालून फोटो उघडले तेव्हा एकाही चेहऱ्याखाली नाव नव्हते. चौकटी पुन्हा उमटल्या आणि प्रत्येक चौकटीखाली तोच जुना प्रश्न होता: हे कोण?

नावे फोटोंमध्ये कधीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होती आणि फॉरमॅटमध्ये ते फोल्डर पुसले गेले. दुकानातल्या मुलाला दोष देता येत नाही. फोटो सांभाळायला सांगितले होते, ते त्याने सांभाळले. विचारायला गेले तर कंपनीचे संकेतस्थळही बंद झालेले होते.

हा प्रकार नीट समजावा म्हणून थोडी तांत्रिक माहिती देते. कागदी फोटोला जशी मागची बाजू असते, तशी डिजिटल फोटोच्या फाइललाही असते. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या प्रकारच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच माहिती लिहिण्यासाठी ठरावीक जागा राखलेल्या असतात. कॅमेरा तिथे तारीख, वेळ, भिंगाचा तपशील आणि फोनवर तशी परवानगी दिली असेल तर ठिकाणही आपोआप लिहितो. त्याला एक्झिफ म्हणतात. मथळा, व्यक्तींची नावे, विषय अशी माणसाने लिहायची माहिती आयपीटीसी आणि एक्सएमपी या जागांत बसते. सॉफ्टवेअरने नावे तिथे लिहिली तर फाइल जिथे जाईल तिथे नावे बरोबर जातात. पण अनेक सॉफ्टवेअर ती फाइलमध्ये न लिहिता आपल्या वेगळ्या वहीत लिहितात. त्याला कारणही आहे: मूळ फाइलला हात लागत नाही आणि हजारो फोटोंतून शोध चटकन घेता येतो. म्हणून ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ती वही कुठे आहे, ती आपल्याबरोबर नेता येते का आणि वही ठेवणारा उद्या उठून गेला तर तिचे काय होणार, हे वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आणि वही ठेवणारे उठून जातातच, याची उदाहरणे सर्वांसमोर आहेत. पिकासा हे सॉफ्टवेअर गूगलने २००४ मध्ये घेतले आणि लोकांना मोफत दिले. आपल्याकडेही घरोघरी आणि कितीतरी स्टुडिओंत ते वापरले जात होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि १५ मार्च २०१६ पासून त्याच्या संगणकावरील आवृत्तीला मिळणारा आधार थांबला. मायक्रोसॉफ्टच्या मोफत फोटो गॅलरीचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी संपला. फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या सेवेने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली होती. २०१८ मध्ये मालकी बदलली आणि त्यानंतर फुकट खात्यांवर एक हजार फोटोंची मर्यादा आली. फोटोबकेट या सेवेने २०१७ मध्ये अचानक, आपल्याकडे ठेवलेले फोटो दुसऱ्या संकेतस्थळांवर दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या असंख्य पानांवरील चित्रांच्या जागी खात्याची योजना बदला, अशी सूचना दिसू लागली.

आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांना लागू पडणारे उदाहरण गूगल फोटोजचे आहे. मे २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ‘उच्च दर्जा’ या ठरावीक दर्जाचे कितीही फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ती सवलत गेली आणि नवे फोटो १५ जीबीच्या जागेत मोजले जाऊ लागले. ही जागा फोटोंसाठी वेगळी नाही. जीमेल आणि ड्राइव्ह यांची मिळून ती एकच आहे, त्यामुळे ती भरली की मेल येणेही थांबते. माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांना बँकेकडून येणारे मेल महिनाभर मिळाले नाहीत आणि त्याचे कारण नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. सवलतीच्या काळातही ‘उच्च दर्जा’ म्हणजे मूळ दर्जा नव्हता. सोळा मेगापिक्सेलहून मोठा फोटो लहान करून ठेवला जात होता. चार बाय सहा इंचाचा जुना फोटो बाराशे डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला बाराशे ठिपके घेऊन, स्कॅन केला तर तो सुमारे साडेचौतीस मेगापिक्सेलचा होतो. म्हणजे ज्यांनी सर्वांत काळजीपूर्वक स्कॅन केले, त्यांच्याच फोटोंतील निम्म्याहून अधिक तपशील तिथे गळत होता. तिथून आपले फोटो परत घेण्याची सोय आहे, हे नोंदवले पाहिजे. पण आपण नंतर घातलेले वर्णन किंवा दुरुस्त केलेली तारीख प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाच्या प्रकारातील एका वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये येते. ती पुन्हा फोटोत कशी बसवायची, हे सामान्य माणसाला जमणारे काम नाही.

तारखेचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. स्कॅन केलेल्या फोटोला सॉफ्टवेअर स्कॅन केल्याचीच तारीख लावते. त्यामुळे आमच्या सासऱ्यांच्या मुंजीचा फोटो २०१३ च्या नोव्हेंबरात, घरातल्या दिवाळीच्या फोटोंमध्ये जाऊन बसला होता. तारीख बदलता येते. पण ती बदललेली तारीखही पुन्हा त्याच वहीत जात असेल तर पहिलाच प्रश्न उभा राहतो.

मराठीची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. फोटोतील माहितीच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत देवनागरी नीट बसेलच अशी खात्री नसते. एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले नाव दुसऱ्यात उघडले की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. एक्सएमपी युनिकोडवर, म्हणजे सर्व लिपींसाठी असलेल्या एकाच संकेतपद्धतीवर चालते, त्यात हा त्रास नाही. त्यातच आपल्याकडे युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मजकूर फॉन्टवर अवलंबून असलेल्या पद्धतीने टंकला गेला. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या सीडीतील फोटोंखालची नावे अशीच आहेत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर ‘सीमान्तपूजन’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो.

यावर, मग पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यावे का, असे कोणी विचारील. पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर कायमचे राहते, असे नाही. ॲपलचे अॅपर्चर हे फोटोंचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत होते, तरी २०१५ मध्ये त्याची विक्री बंद झाली. उलट डिजिकॅम हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, विंडोजवरही चालते आणि तशी सेटिंग ठेवली तर नावे व मथळे थेट फोटोच्या फाइलमध्ये लिहिते. त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्यामुळे एका कंपनीने निर्णय घेतला म्हणून ते एका रात्रीत नाहीसे होत नाही. तेव्हा माझा आक्षेप मोफत असण्याला नाही. किंमत शून्य आहे एवढे पाहून आपण पुढचे प्रश्न विचारणे सोडून देतो, त्याला माझा आक्षेप आहे. विकत घेतलेल्या वस्तूची आपण पावती ठेवतो, हमी विचारतो. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरला दोन हिवाळ्यांचे श्रम आणि एका वृद्ध बाईची स्मरणशक्ती सोपवताना मी काहीही विचारले नाही.

फोटो व्यावसायिकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. फोटो पाहण्याची आणि लावण्याची कितीतरी लोकप्रिय सॉफ्टवेअर केवळ घरगुती वापरासाठी मोफत असतात. स्टुडिओत ती वापरायची तर परवाना घ्यावा लागतो.

चेहरे ओळखण्याच्या सोयीबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. आम्ही नावे लावली तेव्हा मला ती सोय म्हणजे नवलच वाटले होते. एव्हर नावाचे फोटो साठवण्याचे एक मोफत ॲप होते. लोकांनी साठवलेले फोटो त्या कंपनीने चेहरे ओळखण्याचे तंत्र घडवण्यासाठी वापरले आणि खाते बंद केलेल्या लोकांचे फोटोही आश्वासन देऊनसुद्धा पुसले नाहीत, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या तडजोडीत त्या फोटोंवर घडवलेले तंत्रही नष्ट करण्याची अट घातली गेली. आपण बारशाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो नावांसकट चढवतो, तेव्हा ज्या मुलांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही अशा मुलांचे चेहरे आणि नावे एकत्र जोडून देत असतो. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला असून संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. फोटोंच्या मोफत सेवांच्या अटी मला मराठीत वाचायला मिळाव्यात, ही मागणी आता आपण हक्काने केली पाहिजे.

हे सर्व आज लिहिण्यास आणखी एक निमित्त आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात कमरेएवढे पाणी होते. तिच्या कपाटातील खालच्या कप्प्यातले आल्बम भिजले. आम्ही दोघींनी फोटो सुटे करून चादरींवर वाळत घातले. मागच्या बाजूला शाईने लिहिलेली नावे पसरून निळे डाग झाले होते. शिसपेन्सिलीने लिहिलेली मात्र जशीच्या तशी होती. त्यामुळे कागदच बरा, असे मी म्हणू शकत नाही. त्या पुरानंतर आमच्या ओळखीत अनेकांनी जुने फोटो स्कॅन करायला घेतले आणि जो तो फोनवर पहिले दिसेल ते मोफत ॲप घेऊन नावे लावत सुटला आहे. माझ्या बहिणीलाही मी मध्येच थांबवले.

तिला एक चाचणी करायला सांगितली, तीच आपल्या वाचकांनाही सांगते. एका फोटोला नाव द्यावे, त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि जिथे ते सॉफ्टवेअर नाही अशा शेजाऱ्याच्या संगणकावर उघडावी. विंडोजमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमधील डिटेल्स पाहावे. आपण लिहिलेला मजकूर तिथे दिसला तर निश्चिंतपणे पुढे जावे. दिसला नाही तर दुसऱ्या फोटोला नाव देण्याआधी सेटिंगमध्ये माहिती फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय शोधावा, आणि तो नसेल तर ते सॉफ्टवेअर सोडावे. हे पाच मिनिटांचे काम मी २०१३ मध्ये केले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. व्हॉट्सॲपवरून साधेपणाने पाठवलेल्या फोटोंवर ही चाचणी करू नये, कारण पाठवताना फोटो लहान होतो आणि आतली माहिती निघून जाते.

आपल्या शहरात विदर्भ साहित्य संघासारखी २०२३ मध्ये शंभरी पूर्ण केलेली संस्था आहे, जुनी वाचनालये आहेत. त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी घरच्या फोटोंना नावे कशी द्यावीत, याच्या कार्यशाळा घ्याव्यात अशी विनंती आहे. अजब बंगल्यातील एखाद्या मूर्तीजवळची पाटी हरवली तर निदान संग्रहालयाच्या नोंदवहीत तिचा क्रमांक तरी सापडेल. घरातल्या फोटोंची नोंदवही म्हणजे घरातले म्हातारे माणूस, आणि त्याच्याकडून उतरवून घेतलेले कुठे ठेवायचे हे शिकवणारे आज मराठीत कोणी नाही.

मी आता पुन्हा नावे लावते आहे. या वेळी फाइलमध्ये, आणि छापून घेतलेल्या प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने. धाकटे चुलत सासरे अमरावतीला असतात, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तान्ह्या पोळ्याचा फोटो त्यांना फोनवर पाठवला होता, पण चेहरे पुसट आले, म्हणून मोठी प्रत काढून टपालाने पाठवली. अकरापैकी दहा मुलांची नावे त्यांनी सांगितली. डावीकडची दोरी धरलेली मुलगी मात्र त्यांना आठवत नाही. भाडेकरूंपैकी कोणाची तरी असावी, एवढेच ते म्हणाले. सासूबाईंनी तिचे नाव सांगितले होते आणि मी ते टंकले होते.

तो फोटो या पत्रासोबत जोडला आहे. १९५२ च्या सुमारास महालात काढलेला आहे. आपण तो छापू शकलात तर एखाद्या वाचकाला ती ओळखू येईल. ती मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची दिसते, म्हणजे आज ऐंशीच्या घरात असेल, आणि कदाचित आपले दैनिक तिच्याही घरी येत असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर